ट्रॅक्टर गेला, कर्ज राहिले

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज शेतमालाच्या भावावर बोलणार नाही. विषय घराचा आहे. आपल्या खेड्यांतली पोरे अमरावती-अकोल्याला नोकरीला लागली. कोणी शाळेत, कोणी एमआयडीसीत, कोणी दवाखान्यात. दोन खोल्यांचे घर घ्यावे म्हणून बँकेत जातात, सगळे कागद देतात, आणि आठ दिवसांनी साहेब सांगतात, "तुमचे सिबिल खराब आहे." पोरगा चक्रावतो. मग घरात कोणाला तरी आठवते की बाप सोसायटीचा थकबाकीदार होता, म्हणून ट्रॅक्टर पोराच्या नावावर घेतला होता. दोन वर्षे पिकाने दगा दिला, हप्ते थकले, फायनान्सवाल्यांची माणसे आली आणि ट्रॅक्टर घेऊन गेली. त्या दिवशी घरच्यांनी हिशेब मिटला असे धरले. "ट्रॅक्टर नेला ना त्यायनं, मंग आता काय्याचं कर्ज?"

हप्ते का थकतात हे या सभेत सांगायला नको. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता, आणि बाजार समितीतून आपण किती घेऊन आलो ते ज्याचे त्याला ठाऊक आहे. पण बँकेचा साहेब कारण विचारत नाही, तो कागद पाहतो.

तर कागदाचा हिशेब करू. समजा, ट्रॅक्टर नेला त्या दिवशी ४ लाख २० हजार बाकी होते. लिलावात तो २ लाख ६० हजारांना गेला. उरले १ लाख ६० हजार. ओढून नेण्याचा खर्च, यार्डाचे भाडे, वकिलाची नोटीस असे १५ हजार धरा. झाले पावणेदोन लाख. यावर १५ टक्क्यांनी नुसते साधे व्याज लावले तरी आठ वर्षांत २ लाख १० हजार होते. म्हणजे दारात ट्रॅक्टर नाही आणि नावावर ३ लाख ८५ हजार. ज्याने जामीनदार म्हणून सही केली त्याच्याही नावावर तेवढेच. मायबहिणींनो, नवऱ्याच्या किंवा दिराच्या कर्जाला "फक्त सही करायची" म्हणून तुमचा अंगठा घेतला असेल, तर ते कर्ज तुमच्याही खात्यात दिसते.

सिबिल हे एका कंपनीचे नाव आहे. ती २००० साली निघाली. २००५ साली या धंद्यासाठी कायदा झाला आणि आज अशा चार कंपन्या देशात आहेत. तुमच्या कर्जाची माहिती त्या किमान सात वर्षे ठेवतात आणि ३०० ते ९०० यांच्यामध्ये गुण देतात. २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. बँकेत अर्ज करायच्या आधी तो काढा. या बँकेतून त्या बँकेत अर्ज टाकत फिरू नका, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी त्याच अहवालात चढते.

अहवालात 'राइट ऑफ' असा शेरा दिसला की आपले लोक खूष होतात, कर्ज माफ झाले म्हणून. तसे नसते. सावकाराने आपल्या वहीतून रक्कम उडवली, तुमच्या डोक्यावरून नाही. कर्जमाफीचेही तसेच. २०१९ च्या महात्मा फुले योजनेत पीककर्जे होती, ट्रॅक्टरचे कर्ज नव्हते. पीककर्जाला सिबिल लावू नका असे सरकार बँकांना सांगते, ते पीककर्जापुरते. घराच्या कर्जाला ते लागू नाही.

अहवालानंतर फायनान्स कंपनीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. खात्याचा पूर्ण उतारा मागा. विक्रीची नोटीस कधी दिली, लिलाव कोणत्या तारखेला झाला, किती आले, ते खात्यात केव्हा जमा केले, हे विचारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जप्तीआधीची नोटीस आणि विक्रीआधी पैसे भरण्याची शेवटची संधी या गोष्टी करारात असाव्या लागतात. गुंड पाठवून वाहन उचलता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बजावले. तरीही २०२२ च्या सप्टेंबरात झारखंडातल्या हजारीबागला वसुलीवाल्यांनी नेत असलेल्या ट्रॅक्टरखाली एक गरोदर बाई मेली. तेव्हा कुठे रिझर्व्ह बँकेने त्या कंपनीला बाहेरची माणसे लावून वसुली करायला काही महिने बंदी घातली. तुमचा ट्रॅक्टर नोटीस न देता नेला असेल किंवा कवडीमोलाने विकला असेल, तर त्याने कर्ज माफ होत नाही, पण तडजोडीला बसताना मुद्दा तुमच्या हातात राहतो. एक मात्र तपासा. ट्रॅक्टर नेताना "स्वखुशीने जमा करीत आहे" अशा कागदावर सही घेतली होती का?

आता मुदतीची गोष्ट. काही जण सांगतात, तीन वर्षे झाली की कर्ज बुडाले. अर्धे खरे आहे. थकलेल्या रकमेसाठी दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. पण ती संपायच्या आत तुम्ही कर्ज कबूल करणारे पत्र दिले, किंवा फोनवरच्या पोराचे ऐकून दोन हजार भरून सही केली, तर मुदत नव्याने सुरू होते. दुसरे म्हणजे, बहुतेक करारांत लवादाचे कलम असते. लवाद मुंबईला नाहीतर चेन्नईला बसतो, इंग्रजी नोटीस घरी येते, आपण ती फडताळात टाकतो. तिकडे निवाडा होऊन जातो, आणि त्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते. म्हणून जुनी पाकिटे उघडा. समजत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तिथे दाखवा. आणि मुदत संपली तरी अहवालातला शेरा लगेच पुसला जात नाही. घर घ्यायचे त्याला मुदतीचा आधार फारसा कामाचा नाही.

मग भरायचे किती? पूर्ण भरले तर अहवालात खाते 'बंद' असे येते. कमी भरून मिटवले तर 'सेटल्ड' येते, आणि त्याचा अर्थ घरकर्ज देणारी बँक बरोबर समजते. माझे मत असे की फरक वीस-तीस हजारांचा असेल तर घासाघीस दंडाच्या रकमेवर करा, मुद्दल आणि व्याज पूर्ण भरा आणि 'बंद' असे लिहून घ्या. फरक लाखांचा असेल तर तडजोड करा, पण घराचा अर्ज काही काळ लांबवा. लोकअदालतीत मिटवले तरी कमी भरले की शेरा तोच येतो. पैसे भरायच्या आधी कंपनीच्या कागदावर पत्र हवे. त्यात रक्कम, तारीख, त्यानंतर काही बाकी नाही हे वाक्य आणि अहवालात काय कळवणार ते. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकले असेल तर आज मालक कोण ते आधी पाहा. वसुलीवाल्याच्या खाजगी खात्यात एक रुपयाही टाकू नका. आणि हे भरण्यासाठी गावच्या सावकाराला शेताचे खरेदीखत करून देऊ नका. दोन लाखांसाठी चार एकर घालवणारी घरे आपण पाहिली आहेत.

पैसे भरले की बेबाकी दाखला घ्या. महिन्याभराने अहवाल पुन्हा काढा. शेरा बदलला नसेल तर तक्रार करा. तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा नियम २०२४ च्या एप्रिलपासून आहे. कंपनी दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला फी नाही. एमएच २७ असो की एमएच ३०, आरटीओच्या नोंदीत तो ट्रॅक्टर अजून तुमच्याच नावावर तर नाही ना, तेही बघा. कोणी तो चालवून अपघात केला तर नोटीस तुम्हाला येईल.

गावातच बांधायचे असेल तर सातबाऱ्याचे 'इतर हक्क' वाचा. भूविकास बँकेची कर्जे माफ करण्याचा निर्णय सरकारने २०२२ साली घेतला, पण आपल्या उताऱ्यावरचा बोजा खरोखर उतरला की नाही हे तलाठ्याकडे जाऊनच कळते.

जेवणानंतर आपण पुन्हा बसणार आहोत. ज्यांनी करारनामा किंवा नोटीस बरोबर आणली असेल त्यांनी पुढे बसावे, एकेक कागद वाचू.