उधाण आणि भांग
(महोत्सव-प्रसंगीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं मोठ्या गोष्टी बोलाव्या असा शिरस्ता आहे. मंदिराचा पाया, घंटेचा नाद, येथें झिजलेल्या धर्मगुरूंची सेवा, यांविषयीं इतर वक्ते अधिकारवाणीनें बोलतील. आमच्या वांट्यास रोजच्या संसारांतील लहानसहान काळज्या व सुखें हा विषय आला. विषय लहान म्हणून आम्ही प्रथम किंचित् खट्टू झालों. परंतु विचार करतां असें वाटूं लागलें कीं, नेमकें हेंच कोणी लिहून ठेवीत नाहीं. समोरचा जलदुर्ग १७३७ सालीं मराठ्यांनीं घेतला, हें आपणांस पुस्तकांतून कळतें. त्या वर्षीं किनाऱ्यावरच्या कोणत्या आईस रात्रीं झोंप लागली नाहीं, आणि कां, हें मात्र कोणत्याही बखरींत सांपडावयाचें नाहीं.

आपल्या कोळीवाड्याचें खरें घड्याळ भिंतीवर नसून वैतरणेच्या मुखाशीं आहे. भरतीची वेळ दररोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते. देवळाची घंटा ठरल्या वेळीं वाजते. पाणी मात्र आपल्याच वेळीं येतें. ज्या आयाबायांनीं शाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता, त्यांनाही तिथीची पाऊणपट बिनचूक करतां येत असे. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पाणी पूर्ण भरावयाचें; अष्टमीला सहाच्या सुमारास. त्या हिशेबानें कधीं मध्यरात्रीं चूल पेटे, कधीं भर दुपारीं. आज भरतीची वेळ मोबाईलवर दिसते. तरी डबा वेळेवर होईल कीं नाहीं ही काळजी जशीच्या तशी आहे, आणि ती मोबाईलला नाहीं, घरच्या बाईलाच आहे!

आपली डोल तर मासळीमागें धांवणारें जाळें नव्हेच. ती समुद्रांत एका जागीं बांधलेली असते, आणि पाण्याची ओढ तिच्या तोंडांत मासळी आणून सोडते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास उधाण. ओढ जोराची, जाळें जड. अष्टमीच्या सुमारास भांग. ओढ मंद, जाळें हलकें. भांगाच्या दिवसांत वाण्याची वही आठवते, मुलांच्या शाळेची फी आठवते, डिझेल व बर्फ यांचे भाव आठवतात. पुढें जून व जुलै हे बंदीचे महिने. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, मिळकत थांबलेली, खर्च मात्र चालू. परंतु त्याच दिवसांत घरधनी घरीं असतो. पडवींत जाळें विणीत बसलेल्या बापाभोंवतीं मुलें गोळा होतात; बाहेर पाऊस, आंत सुक्या बोंबलाचा खमंग वास. या सुखाची नोंद वाण्याच्या वहींत होत नसते. पण तें जमेच्या बाजूचें आहे, हें विसरूं नये.

बोंबलावरून आठवलें. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें पापलेटास राज्यमाशाचा मान दिला. मान योग्यच आहे. परंतु चांगलें पापलेट बाजारांत जातें, आणि आपल्या चुलीवरचें राज्य बोंबलाचेंच असतें. तो ओला असतां त्याच्या अंगांत बहुतेक पाणीच. म्हणून दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूच्या वलांडीवर टांगावयाचे, आणि ऊन व वारा यांच्या हवालीं करावयाचे. चार दिवस आकाश स्वच्छ राहिलें तर सोनें. अवेळीं एक सर आली तर सर्व मेहनत मातीमोल. शहरांतील लोकांस ढग पाहून कविता सुचते. आपणांस ढग पाहून धाप लागते.

आमच्या लहानपणींचा एक प्रसंग सांगतों. आमच्या शेजारच्या दोन घरांत वळचणीच्या पाण्यावरून अबोला होता. लग्नाला जाणें नाहीं, मौतीला नाहीं. नाताळापूर्वींच्या दिवसांत एका दुपारीं अचानक आभाळ भरून आलें. एका घरचीं सर्व माणसें बाजारास गेलेलीं. त्यांच्या वलांडीवर बोंबील लोंबत होते. दुसऱ्या घरच्या बाईनें स्वतःचा माल अर्धा काढून झाला होता. ती क्षणभर थांबली, कांहींतरी पुटपुटली, आणि पदर खोंचून त्या दुसऱ्या वलांडीकडे धांवली. आम्ही मुलेंही तिच्यामागें धांवलों. बोंबील वांचले. त्या संध्याकाळीं अबोला सुटला, असें मात्र झालें नाहीं! मालकीण आली, तिनें आपल्या टोपल्या पाहिल्या, आणि मुकाट्यानें त्या घरांत नेल्या. नाताळच्या दिवशीं त्या घरून या घरीं एक झांकलेलें ताट आलें. ताटांत काय होतें, हें आज आम्हांस आठवत नाहीं. दार उघडणारीचा चेहरा आठवतो.

बंधुभगिनींनो, आतां काळ पालटला आहे. विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी आगगाडी १२ एप्रिल १८६७ रोजीं धांवली. आज आपल्या कित्येक मुलांमुलींचा संसार त्याच रुळांवर उभा आहे. त्यांची डोल कचेरींत, आणि त्यांचें उधाण विरारच्या फलाटावर, सकाळ-संध्याकाळ. होडींतील बापाची वाट पाहणारी आई आतां लोकलमधील लेकीची वाट पाहते. काळजी तीच आहे. परंतु एक फरक आम्हांस जाणवतो. वलांडीवरची काळजी साऱ्या वाड्याला दिसत असे. आजची काळजी बंद दारामागें असते. कर्जाचा हप्ता, नोकरींतील अस्थिरता, म्हाताऱ्या माणसाचें औषध, यांवर ढग आला तरी शेजाऱ्याला कळत नाहीं. आणि कळलें तरी ‘आपण कशाला विचारावें?’ असें त्याला वाटतें. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलें. तसल्या संकटांत माणसें एकमेकांकडे धांवतात. लहान सरींत मात्र माणूस एकटा भिजतो.

काळज्या क्षुल्लक म्हणून देवापुढें आणूं नयेत, असें आपणांपैकीं कित्येकांस वाटत असेल. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत आपण वर्षाची बेगमी मागत नाहीं, एका दिवसाची भाकर मागतों. आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय पाहा. शिष्य रात्रभर समुद्रावर रिकामे राहिले; पहाटे प्रभूच्या शब्दावरून जाळें भरून आलें. एवढ्या मोठ्या चमत्कारांतही कोणीतरी मासे मोजले; ते १५३ भरले. आणि जाळें फाटलें नाहीं, हेंही आवर्जून लिहून ठेविलें. ही नजर कोळ्याचीच! प्रभूनें त्याबद्दल कोणास दोष दिला नाहीं. त्यानें किनाऱ्यावर विस्तव करून मासळी व भाकर तयार ठेविली होती; थकल्या माणसांस त्यानें प्रथम न्याहारीला बोलाविलें. पेत्राशीं मेंढरें राखण्याचें मोठें बोलणें झालें तें त्यानंतर, जेवण आटोपल्यावर.

म्हणून या महोत्सवाच्या दिवशीं आमची एकच विनंती आहे. देवळास देणग्या द्याव्या, रोषणाई करावी, हें सर्व योग्यच. परंतु घरीं परततांना प्रत्येकानें आपल्या डाव्या-उजव्या घराच्या दाराकडे एकवार पाहावें, आणि ‘काय, बरें आहे ना?’ असें विचारावें. उत्तर ऐकण्यापुरतें थांबावें. आपल्या उधाणांतील चार मासे भांगांत असलेल्याच्या घरीं पोंचते करावे; आणि भांगांत असलेल्यानेंही तीं संकोच न करितां घ्यावे, कारण पाणी कोणाचेंच एका जागीं राहत नाहीं.

पुढील महोत्सवास आपल्यांपैकीं कोण असेल, कोण नसेल. त्या वेळच्या मुलांनीं ‘ढग आला असतां आमच्या गांवांत बोंबील कोणाचे हें कोणी विचारीत नसे’ एवढें सांगितलें, तरी आपला उत्सव पावला असें आम्ही समजूं.

पाणी भरत आलें आहे, आणि कित्येकांस निघावयाचें आहे. म्हणून येथेंच आपली रजा घेतों.