दल्लीचा लाल दगड

आज माझ्या हातात एक दगड आहे, नीट दिसतोय ना? लाल, मग करडा, पुन्हा लाल, असे पट्टे आहेत याला. हा दल्ली-राजहराचा, इथून नव्वदेक किलोमीटरवरचा. भिलाईच्या कारखान्याचं पोट वर्षानुवर्षं यानंच भरलं.

याचं वय 200 कोटी वर्षांहून जास्त. त्या काळी हवेत ऑक्सिजन नव्हताच म्हणा ना! समुद्राच्या पाण्यात मात्र लोखंड विरघळलेलं होतं. मग डोळ्यांना न दिसणारे जिवाणू उन्हाच्या जोरावर ऑक्सिजन सोडू लागले. त्यानं पाण्यातलं लोखंड गंजलं आणि थराथरानं तळाशी बसलं. हे पट्टे म्हणजे तोच गंज. पाण्यातलं लोखंड सरत गेलं, तेव्हा कुठं ऑक्सिजन हवेत साठू लागला. तुमचा-माझा श्वास तिथून सुरू होतो.

आता झोतभट्टी काय करते? शुद्ध हेमेटाइटच्या वजनात 30 टक्के ऑक्सिजन असतो. भट्टीत कोकच्या मदतीनं तो काढून घ्यायचा, की लोखंड सुटं! कोक कोळशाचा, आणि कोळसा म्हणजे 25 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी गाडलं गेलेलं जंगल. जिवाणूंनी जोडलेलं तोडायचं, झाडांनी पुरलेलं उकरायचं, असा हा सगळा उलटा कारभार. टनभर पोलादामागे साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली भट्टी सुरू झाली. त्याच वर्षी हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे 316 भाग भरले. आज ते 420च्या वर आहेत. हे एकट्या भिलाईचं काम नाही, पण त्यात आपला वाटा आहेच. मी कारखान्याच्या विरोधात बोलत नाही हं. तुम्ही नागपूरला जाता तेव्हा गाडी ज्या रुळांवरून धावते, ते रूळ इथलेच असण्याची शक्यता मोठी. ते नकोत असं कोण म्हणेल?

पण दल्ली-राजहराचं चांगलं खनिज आता सरत आलंय. पावसाळ्यात खाणीचं लाल पाणी भाताच्या खाचरांत उतरतं, ही तिथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार. आता लोहमार्ग पुढं रावघाटकडे नेलाय. तिथं डोंगर आहे, दाट जंगल आहे, आदिवासींची गावं आहेत. जिवाणूंना हे थर रचायला कोट्यवधी वर्षं लागली. राजहराची टेकडी आपण दोन पिढ्यांच्या नोकरीत उतरवली. वडील भट्टीवर होते, मुलगा निवृत्त झाला, टेकडी संपली.

हा दगड मी टेबलावरच ठेवतो. पुढच्या भागात नंदिनीची चुनखडी आणीन. भट्टीत तीही लागते.