वहीतला रिकामा तास



पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला दोन नाद लागतात. एक, गोळ्यांच्या डब्या मोजण्याचा. आणि दुसरा, सहलीचे बेत आखण्याचा. सहल होतेच असं नाही, बेत मात्र दरवर्षी होतो. आमच्या घरी सध्या अहमदाबादचा बेत चालू आहे. येत्या डिसेंबरात आम्ही नवरा-बायको तीन दिवसांसाठी तिकडं जायचं म्हणतो आहोत. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीनं फोनवरच सगळा कार्यक्रम तयार करून पाठवला. पण मी जुन्या वळणाचा माणूस. दोनशे पानी वहीत रेघा मारून, तास पाडून लिहिल्याशिवाय मला प्रवास होणार आहे असं वाटतच नाही.

या बेताची पहिली अट घातली ती उन्हानं. मी अंबाजोगाईचा. मराठवाड्याच्या माणसाला ऊन काय असतं ते कुणी सांगायला नको. पण अहमदाबादेत २० मे २०१६ रोजी पारा ४८ अंशांवर गेला होता. त्याआधी मे २०१० मध्ये तिथं उष्णतेची मोठी लाट येऊन गेली. त्यातून शहाणं होऊन तिथल्या महापालिकेनं २०१३ साली उन्हाळ्याशी सामना करण्याचा आराखडाच तयार केला. देशातला अशा प्रकारचा तो पहिला. तेव्हा उन्हाळ्याची सुटी बाद झाली आणि डिसेंबर ठरला. तरी बायकोला रक्तदाबाचा त्रास, म्हणून वहीत वर ठळक लिहिलं : दुपारी बारा ते तीन सावलीत.

पुढं वाचत गेलो तसं लक्षात आलं, की ते जुनं शहरही याच हिशेबानं बांधलेलं आहे. सुलतान अहमदशहानं १४११ साली साबरमतीच्या काठी ते वसवलं. तिथल्या वस्त्यांना 'पोळ' म्हणतात. आपल्याकडं जसा वाडा, तशी पोळ. मात्र ती एका घराची नसते, अख्ख्या आळीची असते. तोंडाशी दरवाजा, आत इतक्या अरुंद गल्ल्या की समोरासमोरची घरं एकमेकांवर सावली धरतात. घराच्या मधोमध चौक, आणि पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली टाकं. २०१७ साली युनेस्कोनं या जुन्या शहराला जागतिक वारशाचा मान दिला. भारतात तो मान मिळालेलं हे पहिलं शहर.

म्हणून पहिली सकाळ पोळींसाठी. महापालिकेनं १९९७ पासून एक पायी फेरी सुरू केली आहे. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघायचं आणि जामा मशिदीपाशी संपवायचं. मंदिरापासून मशिदीपर्यंतचा हा रस्ता मला वाचूनच आवडला. वाटेत कवी दलपतराम यांचा चौक लागतो. एकोणिसाव्या शतकातले गुजरातीतले हे मोठे कवी. जिथं ते राहत, तिथं ओट्यावर त्यांचा बसलेला पुतळा आहे. येणारी-जाणारी माणसं जणू त्यांच्या दारात आल्यासारखी थांबतात. एका कवीला गावानं मेल्यावरही आपल्याच ओट्यावर बसू द्यावं, याहून मोठा पुरस्कार कुठला?

मग जामा मशीद. १४२४ सालची, २६० खांबांची. तिथून माणेक चौक अगदी जवळ. हा चौक तीन पाळ्यांत काम करतो म्हणतात : सकाळी भाजीबाजार, दिवसा सराफा, रात्री खाऊगल्ली. शेजारी राण्यांच्या कबरी, आणि त्यांना वेढून बायकांच्या कपड्यांचा बाजार. बांधणीसाठी बायकोनं तिथं दोन तास मागितले. मी एक दिला. शेवटी दीडवर तडजोड झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साबरमती आश्रम. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी दांडीकडं निघाले ते इथून. दुपारचं ऊन टाळायला अडालजची विहीर. शहरापासून सुमारे अठरा किलोमीटरवर. १४९९ सालची ही वाव पाच मजले जमिनीत उतरते. वाघेला राजानं सुरू केलेलं काम महमूद बेगड्याच्या काळात पूर्ण झालं, असं सांगतात. संध्याकाळी सिदी सय्यद मशिदीची जाळी. एका हबशी सरदारानं १५७२-७३ च्या सुमारास बांधलेली. दगडात कोरलेलं झाड, त्याच्या एकमेकींत गुंतलेल्या फांद्या. जाळी पश्चिमेच्या भिंतीत आहे, म्हणून मावळतीच्या उन्हाचा वेळ राखून ठेवला. बारा ते तीन ज्याला चुकवायचं, त्याच उन्हाची संध्याकाळी वाट पाहायची, असा हा बेत!

तिसरा दिवस शाहीबागेचा. तिथं कॅलिको वस्त्रसंग्रहालय आहे. आधी नाव नोंदवावं लागतं, ते मुलीनं अंगावर घेतलं. त्याच अंगाला १८४८ सालचं हठीसिंग जैन मंदिर. पण त्या दिवशीच्या पानावर सकाळी आठ ते नऊ हा तास मी रिकामा ठेवला आणि त्यात फक्त एक अक्षर लिहिलं : 'व.'

हा 'व' म्हणजे वली. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा कवी सतराव्या शतकात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात जन्मला. आयुष्याचा मोठा काळ गुजरातेत काढला. सुरत शहरावर लिहिलं, गुजरात सोडताना झालेल्या दुःखावर लिहिलं. कुणी त्याला वली दखनी म्हणतं, कुणी वली गुजराती. १७०० साली तो दिल्लीला गेला. तेव्हा दिल्लीत कविता करायची तर ती फारसीत, असा दंडक. आणि हा दक्षिणेचा माणूस घरादारात, बाजारात बोलली जाणारी भाषा घेऊन गझल लिहीत होता. पुढं त्याचा दिवाण दिल्लीला पोहोचला आणि तिथले कवी चकित झाले. आपल्या बोलण्यातही कविता होऊ शकते, हे त्यांना दक्षिणेच्या या माणसानं दाखवलं. उर्दू गझलेचा बाप म्हणून त्याचं नाव घेतात.

मंडळी, आमच्या अंबाजोगाईला डोंगरात मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांनी शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली 'विवेकसिंधु' लिहिला असं परंपरा सांगते. संस्कृतच्या जमान्यात त्यांनी मराठी हाती धरली. लहानपणी आम्ही पोरं त्या वाटेनं बोरं वेचायला जायचो. पुढं बी.ए.ला मराठी घेतलं, कविता लिहू लागलो. मुशायऱ्यात लोक विचारायचे, "मराठीत का लिहिता?" कविसंमेलनात म्हणायचे, "तुमचं मराठी फार शुद्ध हो!" दोन्हीकडचं बोलणं प्रेमाचंच, पण दोन्हीकडं मी पाहुणा. अशा वेळी मला मुकुंदराज आठवायचे आणि वली आठवायचा. दोघांनी मला एकच गोष्ट सांगितली : जी भाषा कानावर पडत मोठा झालास, तिच्यातच लिही.

तर हा वली १७०७ च्या सुमारास अहमदाबादेत वारला. शाहीबागेत त्याची कबर होती. २००२ सालच्या दंगलीत ती पाडली गेली आणि लगेचच त्या जागेवर डांबरी रस्ता झाला. आता तिथून गाड्या जातात.

वही बायकोच्या हाती लागली. तिनं 'व'वर बोट ठेवलं. मी सांगितलं. आमच्या घरात दखनी बोलतात. ती म्हणाली, "वहाँ देखने का क्या है? अब तो रस्ताच है ना?"

या 'रस्ताच'मधला 'च' ऐकलात? तो मराठीचा आहे. दखनीनं तो कधीच उचलून आपला केला. बायकोचा प्रश्न मला जिव्हारी लागला होता, तरी त्या 'च'नं जरा हसू आलं.

थोड्या वेळानं तिनं खरी गोष्ट विचारली. "अशा जागी जाऊन उभं राहणं बरं दिसेल का? भीतीचं काही नाही ना?" मी तिला वसंत-रजबची गोष्ट सांगितली. वसंतराव हेगिष्टे हा मराठी घरातला मुलगा आणि रजबअली लाखाणी हा त्याचा मित्र. १ जुलै १९४६ रोजी अहमदाबादेत दंगल पेटली तेव्हा दोघं जमाव अडवायला रस्त्यावर उतरले आणि दोघंही मारले गेले. गायकवाड हवेलीत त्यांचं स्मारक आहे. म्हटलं, शहर एकट्या २००२ चं नसतं, ते १९४६ च्या या दोघांचंही असतं. ते स्मारकही आता वहीत चढलं आहे, पहिल्या दिवशी, जामा मशिदीनंतर.

त्या रिकाम्या तासात मी काय करणार, हे मलाच नीट ठाऊक नाही. रस्त्यावर फूल ठेवता येत नाही. पहिल्याच रिक्षाखाली जाईल. फोटो काढावा तर कशाचा? पदपथावर उभं राहून फातिहा पढेन. त्याला कबरीचा दगड लागत नाही. त्याच्या दोन ओळी मनात म्हणेन आणि एखादी माझी, मराठीतली. औरंगाबादेकडच्या मातीतून एक माणूस भेटायला आला होता, एवढं त्याला कळलं तरी पुरे. जाणारही त्याच वाटेनं आहोत. संभाजीनगरपर्यंत एसटी, तिथून रात्रभराची बस. वलीला किती दिवस लागले असतील कोण जाणे. आम्ही सकाळी पोहोचू.

काल रात्री सहज वही उघडली. तिसऱ्या दिवसाच्या पानावर 'व'च्या पुढं बायकोच्या अक्षरात एक ओळ होती : 'रस्त्यावर सावली नसणार. दोन छत्र्या घेणे.'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)