पाव, अर्धा, पाऊण : अपूर्णांकांचा घरचा अभ्यास

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या सभेत केलेले भाषण)



गणितात बरे चाललेले मूल चौथी-पाचवीच्या सुमारास अपूर्णांकांपाशी अडखळते आणि तेथून पुढे गणिताचीच धास्ती घेते, हा अनुभव आपणांपैकी अनेकांना असेल. दशांश, टक्केवारी, व्याज हे सारे याच पायावर उभे राहते. हा पाया घरी घालता येतो, आणि ज्या आईबापांना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही त्यांनाही तो घालता येतो, असे माझे मत आहे.

याचे कारण आपली भाषा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मराठी मुलाच्या कानावर शाळेत जाण्यापूर्वीच पडलेले असतात. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, एवढेच नव्हे तर साडेतीनची औटकीही मुखोद्गत करून घेत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पुढे शेर जाऊन किलो आला. पावशेराचा पाव किलो झाला, पण पाव टिकला. ते पाठांतर पुन्हा सुरू करावे असे मी सुचवीत नाही. शब्द घरात आहेतच. त्यांच्यामागची वस्तू मुलाच्या हाती द्यावयाची आहे.

"मला मोठा अर्धा हवा," असे मूल म्हणते तेव्हा त्याच्या लेखी अर्धा म्हणजे नुसता तुकडा असतो. भाकरी एका भावंडाने मोडावी व दुसऱ्याने आधी वाटा उचलावा, एवढा नियम ठेवला की मोडणारा दोन्ही वाटे सारखे करू लागतो. लहान भाकरीचा अर्धा आणि मोठ्या भाकरीचा अर्धा सारखे नसतात, हेही त्याच ओघात दाखवावे.

खरी गाठ पुढे आहे. चार हे तीनांहून मोठे, म्हणून एक चतुर्थांश एक तृतीयांशाहून मोठा, असे मुलाला वाटते. त्यात त्याचा दोष नाही. आजवर शिकलेल्या आकड्यांनी त्याला तेच शिकविले आहे. येथे नियम सांगू नये. एक भाकरी तिघांत वाटावी, तेवढीच दुसरी चौघांत वाटावी, आणि "तू कोणत्या पंगतीला बसशील?" असे विचारावे. खाणारी तोंडे वाढली की वाटा लहान होतो, हे भुकेल्या मुलाला समजवावे लागत नाही. (पावासारखा घरगुती शब्द तृतीयांशाला नाही, 'तिसरा वाटा' म्हणावे.)

बेरजेचेही तसेच. अर्धा अधिक पाव हे पाटीवर मांडताना पुष्कळ मुले अंशात अंश व छेदात छेद मिळवून दोन षष्ठांश असे उत्तर काढतात. दोन षष्ठांश म्हणजे तिसरा वाटा. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी! तेच मूल अर्ध्या वाटी तांदळावर पाव वाटी ओतते तेव्हा 'पाऊण' म्हणते व चुकत नाही. हे मोजमाप मुलींच्याच वाट्याला का यावे? मुलग्यांनाही चुलीजवळ बसवावे.

शेतकऱ्याच्या घरी जमीन आहे. एकराचे ४० गुंठे. तेव्हा पाव एकर १० गुंठे आणि पाऊण एकर ३० गुंठे. येथे वस्तू मोडावी लागत नाही, संख्येचा भाग घ्यावा लागतो; ही पायरी आधी वीस शेंगांचे चार सारखे ढीग करून चढावी. घड्याळही उपयोगी आहे. मात्र सव्वातीन, साडेतीन शिकलेले मूल 'साडेएक' म्हणाले तर हसू नये. नियम त्याने बरोबर पकडला आहे. दीड आणि अडीच म्हणून तो मोडला आहे आपल्या भाषेने.

लेखन सर्वांत शेवटी. खालचा छेद वाटे किती केले ते सांगतो, वरचा अंश त्यांतले किती घेतले ते.

पुढील पालकसभेत शिक्षकांनी फळ्यावर उदाहरणे सोडविण्याऐवजी दोन भाकऱ्या आणि एक वाटी घेऊन बसावे, अशी माझी विनंती आहे. अंश-छेद हे शब्द जिला ठाऊक नाहीत, त्या आईला पहिली भाकरी वाटू द्यावी.