ज्ञानाची गिरणी कोठे उभारायची?

(सोलापूर येथे एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सिद्धरामेश्वरांच्या या नगरीत 'ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था आणि सार्वजनिक धोरण' या विषयावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी अर्थतज्ज्ञ नाही. मराठी वाङ्मय घेऊन पदवीधर झालेला आणि पुढे वृत्तपत्रात लेखणी चालवलेला एक सामान्य पत्रकार आहे. परंतु हा विषय मला प्रथम पुस्तकात भेटला नाही, घरातच भेटला. माझे वडील येथील एका गिरणीत विणाई खात्यात जॉबर होते. शेकडो मागांच्या खडखडाटात कोणता माग बिघडला आहे, हे ते नुसत्या आवाजावरून ओळखीत. पुढे गिरणी बंद पडली, भोंगा थांबला आणि त्यांच्या हाती काही रक्कम पडली. बँकेत खाते उघडताना अर्जावर 'शिक्षण' या शब्दापुढे त्यांनी 'सातवी' असे लिहिले. आयुष्यभर कमावलेली विद्या लिहिण्यासाठी त्या अर्जावर जागाच नव्हती.

आजच्या विषयाचे मर्म त्या कोऱ्या जागेत आहे, असे मला वाटते.

'ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था' ही कल्पना जगभर रूढ करण्यात पीटर ड्रकर या व्यवस्थापनतज्ज्ञाच्या १९६९ सालच्या ग्रंथाचा मोठा वाटा आहे. जमीन, भांडवल आणि श्रम यांच्याइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, संपत्ती निर्माण करण्याचे सामर्थ्य ज्ञानात आहे, हा तिचा गाभा. आपल्याकडे अटलजींच्या काळात १९९८ साली माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृतिगट नेमला गेला, १९९९ साली नवे दूरसंचार धोरण आले आणि २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा झाला. पुढच्या सरकारने २००५ साली राष्ट्रीय ज्ञान आयोग नेमला. २०२० साली नवे शैक्षणिक धोरण आले, तर २०२३ साली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा संमत झाला. सरकारे बदलली तरी दिशा साधारण तीच राहिली, ही समाधानाची गोष्ट आहे.

मग सोलापूरच्या पदरात काय पडले? सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पाहा. येथे वाढलेली, येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेली आपली मुले तिच्यात बसून पुण्याला जातात आणि तिकडचीच होतात. माझा स्वतःचा मुलगा त्यांतलाच एक. त्याला मी दोष देत नाही. पण ज्ञान एका गावात आणि कष्ट दुसऱ्या गावात अशी वाटणी पक्की झाली, तर त्या व्यवस्थेला ज्ञानाधिष्ठित कसे म्हणावे?

येथे आपली एक मूलभूत चूक होते. ज्ञान म्हणजे संगणक आणि संगणक म्हणजे पुणे-बंगळुरू, असे समीकरण आपण मनाशी बांधून ठेवले आहे. वास्तविक सोलापुरी चादरीवर नक्षी उमटवणाऱ्या जेकार्ड यंत्राकडे पाहा. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर छिद्रे पाडून कोणता धागा वर उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, हे यंत्राला 'सांगण्याची' ही युक्ती फ्रान्समध्ये जोझेफ मारी जेकार्ड याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केली. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच छिद्रांकित पट्ट्यांची कल्पना उचलली आणि संगणकाच्या इतिहासाचे एक पान तेथून सुरू झाले. म्हणजे ज्या पूर्व भागातील पद्मशाली विणकराला आपण 'अकुशल' म्हणून मोकळे होतो, तो पिढ्यान्‌पिढ्या संगणकाच्या पूर्वजाशी संवाद करीत आला आहे!

या चादरीला भौगोलिक उपदर्शन मिळाले. २००३ साली तो कायदा अमलात आल्यानंतर हा मान मिळवणाऱ्या महाराष्ट्रातील पहिल्या काही उत्पादनांत तिची गणना होते. नाव सुरक्षित झाले, हे उत्तम झाले. परंतु नाव राखणे आणि ज्ञान वाढवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवी नक्षी कोण काढणार? नवा धागा कोण पारखणार? विणकराच्या मुलाला वस्त्रशास्त्राची गोडी कोण लावणार? प्रमाणपत्र ही कामे करीत नाही. त्यासाठी कारखान्याशेजारी प्रयोगशाळा लागते.

हे स्वप्नरंजन नव्हे. आपल्याच जिल्ह्याने ते करून दाखवले आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवड करून 'मालदांडी ३५-१' हा वाण सिद्ध झाला. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले बियाणे शास्त्रज्ञांनी पारखले आणि निवडलेला वाण पुन्हा शेतकऱ्यांच्याच ओटीत घातला. काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर येणारी ही ज्वारी केवळ सोलापूरचीच राहिली नाही. दख्खनच्या पठारावरील रब्बी शेतीचा ती अनेक दशके आधार ठरली. शेतकऱ्याचे अनुभवज्ञान आणि शास्त्रज्ञाची पद्धत एकाच बांधावर भेटली, म्हणून हे घडले. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक उपदर्शन मिळाले, त्यामागेही पिढ्यांची हीच पुण्याई आहे.

दुसरे उदाहरण डाळिंबाचे. २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात, केगाव येथे स्थापन झाले. दिल्ली किंवा पुणे सोडून ते येथे आले, हा धोरणात्मक निर्णय होता. तेल्या रोगाने बाग उद्ध्वस्त होताना ज्याने पाहिली, त्याला या निर्णयाचे मोल सांगावे लागत नाही. तेल्या जिवाणूजन्य आहे. तो रोगट रोपांतून आणि पावसाच्या थेंबांच्या शिंतोड्यांतून पसरतो. त्यामुळे निरोगी रोपे, बागेची स्वच्छता आणि बहराची योग्य निवड हेच त्यावरचे खरे उपाय, हे ज्ञान औषधाच्या बाटलीइतकेच, किंबहुना अधिक मोलाचे आहे. तेल्या अजून हटलेला नाही, हे मी नाकारीत नाही. पण शत्रूशी लढायचे तर शस्त्रागार रणभूमीजवळ हवे.

तिसरे उदाहरण माढा तालुक्यातील परितेवाडीचे. तेथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड देण्याचा त्यांचा प्रयोग खेड्यातील शाळेत सुरू झाला. ज्ञानाला महानगराचा पत्ता लागतोच असे नाही, हे याहून चांगले कोण सांगेल?

उलट, धोरण कोठे चुकले तेही पाहू. १९९२ साली केंद्राने राष्ट्रीय पुनर्नवीकरण निधी स्थापन केला. आर्थिक सुधारणांमुळे बाजूला पडणाऱ्या कामगारांना नवी कौशल्ये शिकवावीत, हा त्याचा एक हेतू होता. प्रत्यक्षात बहुतांश पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या रकमांत गेला आणि प्रशिक्षणाच्या वाट्याला थोडासाच आला. कामगाराला पैसे मिळाले, पण त्याच्या ज्ञानाला वारस मिळाला नाही. कान लावून माग ओळखणारी एक पिढी आपण गिरणीच्या फाटकाबाहेर उभी केली आणि तिच्याकडून काहीही लिहून घेतले नाही. सोलापूरचे हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसणार नाही.

मित्रहो, आता थोडे आपल्या घरातलेही बोलू. आपण प्राचीन ज्ञानपरंपरेचा अभिमान बाळगतो आणि तो बाळगलाच पाहिजे. भारत विश्वगुरू व्हावा, असे आपण म्हणतो. पण २०२०-२१ साली आपल्या देशाचा संशोधनावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. चीनचा दोन टक्क्यांहून अधिक आणि दक्षिण कोरिया व इस्रायलचा चार टक्क्यांहून अधिक आहे. त्यातही आपल्याकडे खासगी उद्योगांचा वाटा तोकडा. गुरुपद घोषणेने मिळत नाही, त्यासाठी अध्ययनाची तपश्चर्या लागते. शिवाय, पूर्वजांच्या कारागिरीचे गोडवे गाणारा आपला समाज जिवंत कारागिराला मात्र 'अडाणी' म्हणतो. ही विसंगती आपणच दूर करायची आहे. ती कोणताही मंत्री दूर करू शकणार नाही.

म्हणून मी तीन गोष्टी सुचवतो. पहिली, २००४ साली केवळ एका जिल्ह्यासाठी स्थापन झालेल्या आणि आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणाऱ्या आपल्या विद्यापीठाने माग, ज्वारी आणि डाळिंब यांना संशोधनात मानाचे पान द्यावे. अहिल्यादेवींनी महेश्वरी विणकामाला आश्रय दिला होता, हे स्मरले तरी पुरे. दुसरी, अनुभवातून शिकलेल्या कामगाराचे कौशल्य तपासून त्याला प्रमाणपत्र देण्याची तरतूद सरकारी योजनांत आहे. ती यंत्रमागापर्यंत नेण्याचे काम आपल्या कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे. तिसरी, ज्ञान आपल्या भाषेत यावे. मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची मुभा २०२१ साली मिळाली. सोलापुरात तर मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच गल्लीत नांदतात. तांत्रिक शिक्षणाचा असा त्रिवेणी प्रयोग येथे नाही, तर कोठे होणार?

वडील गेले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक वही सापडली. त्यात मागाच्या बिघाडांची चित्रे होती, पेन्सिलीने काढलेली, खाली मोडक्या अक्षरांत उपाय. ती वही कोणी मागितली नाही आणि मीही, पत्रकार असून, त्यांच्या हयातीत कधी विचारले नाही. तो दोष माझा आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी, शेजारी, वस्तीत अशी एखादी वही असेल, किंवा अजून न लिहिलेली, एखाद्या म्हाताऱ्या हातात असेल. आज घरी गेल्यावर तिची चौकशी करा. धोरणे दिल्लीत आणि मुंबईत ठरतील, पण ज्ञानाची गिरणी येथे, आपल्या गावातच उभारावी लागेल.