तळहातावरचे तीन थेंब

सुदिनी देवाचे आभार मानणे सोपे असते. परंतु माझ्या मातोश्रींच्या अखेरच्या दुखण्यात ते शब्द कित्येक दिवस माझ्या ओठी आले नाहीत, हे कबूल केले पाहिजे.

त्या दिवसांत मला व्हिएतनामचे आर्चबिशप न्गुयेन व्हान थुआन आठवत. १५ ऑगस्ट १९७५ रोजी त्यांना अटक झाली. १३ वर्षे बंदिवास. त्यांतील ९ एकांतात. पोटदुखीवरचे औषध म्हणून त्यांनी बाहेरून द्राक्षारस मागविला. भाकरीचा कण, तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब व पाण्याचा एक, एवढ्यावर ते मिस्सा अर्पण करीत. मिस्साविधीचे प्राचीन ग्रीक नाव ‘यूखारिस्त’. त्याचा अर्थच उपकारस्तुती!

कोठडीबद्दल त्यांनी आभार मानावेत, असे नव्हे. दुःखाला सुख म्हणा, असे ख्रिस्ताने कुठे सांगितले आहे? पकडले जाण्याच्या रात्री त्याने भाकर हाती घेऊन पित्याची उपकारस्तुती केली. त्याच रात्री गेथशेमनी बागेत तो व्याकुळही झाला. दोन्ही प्रार्थनाच.

पुढे एके सकाळी मातोश्रींनी दोन चमचे पेज घेतली. तेवढ्यापुरते मात्र मी हात जोडले.