तिथी, तारीख आणि रायगडावरची पहाट



ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी जवळ आली की महाराष्ट्रात एक जुना वाद नव्याने डोके वर काढतो. छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेकदिन तिथीने साजरा करावा की ६ जूनला? रायगडावर दोन्ही दिवशी सोहळा होतो, आणि दोन्ही पक्षांतील काही मंडळी दुसऱ्याचा दिवस खोटा ठरविण्यात धन्यता मानतात. वास्तविक ही दोन्ही नावे एकाच पहाटेची आहेत.

त्या पहाटेची नोंद जेधे शकावलीत आहे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्याने जपलेला हा कागद लोकमान्य टिळकांच्या हाती आला आणि पुढे प्रसिद्ध झाला. शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार. त्या दिवशी एकवीस घटिकांनंतर द्वादशी संपून त्रयोदशी लागली आणि तीन घटिका रात्र उरली असता महाराज सिंहासनावर बसले, असे शकावली सांगते. घटिका म्हणजे चोवीस मिनिटे. म्हणजे सूर्योदयाला सव्वा तासाहून थोडा कमी अवधी होता.

दुसरा साक्षीदार परका आहे. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन तहाच्या बोलणीसाठी गडावर आला होता. सकाळच्या दरबारात तो हजर होता. एवढ्या उंच गडावर हत्ती चढविले तरी कसे, याचेही त्याला नवल वाटले. त्याच्या नोंदीत तारीख ६ जून १६७४ अशी आहे. त्या तारखेला वार येतो शनिवार. घाईने वाचणारा म्हणेल, साधनांत विसंगती आहे! विसंगती मुळीच नाही. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजांचा मध्यरात्री. सूर्य उगवायचा होता म्हणून शकावलीकाराला शुक्रवार. मध्यरात्र उलटली होती म्हणून इंग्रजी गणनेत शनिवार. दोन परस्परांना अनोळखी कागद एकमेकांची अशी ग्वाही देतात, तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाला याहून मोठा आनंद तो कोणता?

मात्र ६ जूनचा आग्रह धरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. इंग्रज तेव्हा जुनी ज्युलियन कालगणना पाळीत. गोव्यातील पोर्तुगीजांनी सुधारित ग्रेगोरियन गणना केव्हाच स्वीकारली होती. त्यामुळे मुंबईत जो दिवस ६ जून, तोच गोव्यात १६ जून! एकाच किनाऱ्यावर दहा दिवसांचे अंतर. इंग्रजांनी ही सुधारणा १७५२ साली केली, तेव्हा त्यांच्याकडे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. आज भिंतीवर असते ती हीच सुधारित दिनदर्शिका. रशियात ऑक्टोबर क्रांतीचा वाढदिवस ७ नोव्हेंबरला का साजरा होई, याचे उत्तरही याच फरकात आहे.

तिथीवाद्यांनीही फार हुरळून जाऊ नये. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया काशीच्या पंचांगात चैत्र कृष्ण तृतीया ठरते, कारण उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो.

शिवजन्माची कथा तर याहून बोधप्रद आहे. शके १५४९ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इ. स. १६२७, ही जन्मतिथी पूर्वी रूढ होती. जेधे शकावलीने शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद पुढे आणली. एका कागदावर विसंबून रूढ समजूत कशी मोडावी, हा प्रश्न रास्तच होता. पण कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’ची तंजावरात सापडलेली पोथी आणि जोधपूरकडे मिळालेली जन्मकुंडली या दोहोंनी त्याच तिथीला दुजोरा दिला. गणित मांडावे तर १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख. ग्रेगोरियन गणनेने १ मार्च. दोन्हींना वार शुक्रवारच येतो. महाराष्ट्र शासनाने २००१ साली १९ फेब्रुवारी हा दिवस मान्य केला, तरी तिथीचा उत्सव थांबला नाही; तो थांबण्याचे कारणही नव्हते.

कारीच्या त्या घराण्यात ते बाड वाळवीच्या तोंडी गेले असते तर? गावोगावच्या वाड्यांतून असे किती रुमाल चुलीत गेले आणि किती रद्दीत, याची गणतीच नाही. उत्सवाच्या दिवसावरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांपैकी किती जणांनी घरच्या माळ्यावरची पेटी उघडून पाहिली आहे?

आणि राज्याभिषेकाला पुरते बारा दिवसही लोटले नव्हते, तोच ज्येष्ठ वद्य नवमीला गडाखाली पाचाडात जिजाऊसाहेबांनी देह ठेवला. पुत्राला सिंहासनावर बसलेले पाहून ती माउली गेली. दोन्ही सोहळ्यांहून परतताना पाचाडावरून जाणाऱ्यांतील किती जणांना ही तिथी ठाऊक असते?